नाव खाणारा जादूगार

त्या जादूगाराला घोडी द्यायची की गाढवी, यावरून आमचं पहिलं भांडण झालं. माझं म्हणणं गाढवी. जादूगार विक्षिप्त हवा असं ठरलं होतं ना, मग घोडीवर काय, कुणीही बसतं! ताई हसली. "गाढवीवर बठेल माणूसले कोन भियी? लोके हासतीन," म्हणाली. गाढवीवर बसलेल्याला भिणार कोण, लोक हसतीलच की. तिचं खरं होतं, पण त्या वयात मी कुणाचं खरं मान्य करत नसे. अजूनही फारसं करत नाही. शेवटी घोडी ठरली, पण तिच्यावर तो शेपटीकडे तोंड करून बसणार, एवढं मी पदरात पाडून घेतलं. मागून कोण येतंय ते त्याला दिसत राहिलं पाहिजे, असं कारणही ठोकून दिलं.

ताई म्हणजे माझी चुलत बहीण, माझ्याहून थोडी मोठी. तापीच्या अलीकडच्या काठाला, कोरीटच्या बाजूला काकांचं गाव. माझे वडील सातपुड्यात एका शाळेवर मास्तर होते आणि तिथे चौथीच्या पुढे वर्गच नव्हता, म्हणून मला काकांकडे ठेवलेलं. ताईची शाळा मात्र दुसरीतच सुटली होती. धाकट्या भावाला सांभाळायला घरात कुणीतरी हवं, आणि पोरीच्या जातीला शिकून करायचंय काय, या दोन गोष्टी एकाच दिवशी ठरल्या. बुद्धीने ती माझ्या चौपट. मी घोकून घोकून जे पाठ करायची, ते ती माझ्या तोंडून एकदा ऐकून धडाधड म्हणून दाखवायची. मला तिचा राग यायचा आणि तिच्यावाचून करमायचंही नाही.

आमच्या खेळाला आम्ही 'मुलूख' म्हणायचो. खेळ आमचाच, दुसऱ्या गल्लीतल्या पोरांना तो समजायचाही नाही. एकीने सांगायचं की आता मुलखात काय चाललंय: नदीला पूर आलाय, वेशीवर शिपाई उभा आहे, सौदागराची घोडी चोरीला गेलीय. बाकीच्यांनी सोंगं घ्यायची. सोंग घेतलं की त्या माणसासारखंच बोलायचं, त्याच्यासारखंच चिडायचं, आणि खेळ मोडेपर्यंत आपण आपण नाही. शिपायाला चोर सापडला का, होडी बुडाली का, हे चिंचोक्यांनी ठरायचं. दगडावर घासून अर्धे केलेले चिंचोके फेकायचे, पांढरी बाजू जास्त पडली तर जमलं, काळी पडली तर फसलं. यात कुणी जिंकायचं नाही, कुणी हरायचं नाही. गोष्ट पुढे जायची, बस्स.

खेळायचो मागच्या पडवीत. थंडीच्या दिवसांत तिथे कापसाचा ढीग पडलेला असायचा आणि काकू त्यातून किडका, डागाळलेला कापूस निवडत बसलेली असायची. काकू म्हणजे ताईची आई. ती आमच्याकडे मान वर करूनही बघायची नाही, पण तिचे कान आमच्याकडेच असत. सौदागर चुकीचा रस्ता धरतोय असं दिसलं की खाली बघूनच म्हणायची, "तिकडथून नको जाऊ, तठे चिखल शे." आणि खरंच, आम्ही मग सौदागराला दुसरीकडून न्यायचो.

जादूगाराची खरी कल्पना ताईला सुचली ती सारंगखेड्याच्या यात्रेत. काका आम्हाला होडीतून पलीकडे घोडेबाजार दाखवायला घेऊन गेले होते. आम्हाला आपली रेवडी आणि पाळणा यांचं वेड, पण ताई एका जागी खिळून उभी राहिली. दोन माणसं समोरासमोर उभी होती. त्यांच्या हातांवर एक रुमाल टाकलेला आणि रुमालाखाली त्यांची बोटं चाललेली. घोड्याचा भाव असा ठरतो, बोटं दाबून, तोंडाने अक्षर न बोलता, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही. दोघांच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं. काकांनी ताईला ओढून नेलं तरी ती मागे वळून बघत होती. परतताना होडीत ती माझ्या कानात म्हणाली, "जादूगार असाच पाहिजे. मंत्र नही, काही नही. रुमालखाले हात धरी लेस." मंत्र नाही, धूर नाही, नुसता हात धरायचा. काय घेतलं ते ज्याचं गेलं त्यालाच कळायचं.

होडीत बसल्या बसल्या मी माझे हात काखेत घालून घेतले.

पण तो घेतो काय, हे ठरत नव्हतं. मी म्हटलं सोनं. ताईने नाक मुरडलं. सोनं तर चोरही नेतो. कुणी म्हणालं डोळे, कुणी म्हणालं सावली. तेवढ्यात कापसाच्या ढिगाआडून काकूने विचारलं, "आन तो खास काय?" तो खातो काय? हे आम्हाला सुचलंच नव्हतं. ज्या बाईने जन्मभर सगळ्यांना जेवायला घातलं, तिला पहिला प्रश्न हाच पडणार. आम्ही तिच्याकडे बघत राहिलो. हातातलं किडकं बोंड बाजूला टाकत ती म्हणाली, "नाव खास तो. लोकेसनं नाव."

ज्याचं नाव खाल्लं त्याला पुन्हा कुणी हाक मारू शकत नाही, असं तिने समजावून सांगितलं. माणूस असतो, हिंडतो फिरतो, पाणी भरतो, पण हाक नाही. "मन्हं त पहिलेच खायी टाकेल शे," माझं तर आधीच खाऊन टाकलंय, असंही ती म्हणाली आणि खळखळून हसली. लग्नात तिचं माहेरचं नाव बदललं होतं आणि सासरचं ठेवलेलं नावही कुणाच्या तोंडात नव्हतं. काका तिला "ऐकलं का" म्हणत आणि बाकी सगळे अमक्याची माय. आम्हीही हसलो. आणि मग ताई म्हणाली की या जादूगाराला स्वतःचं नाव नाही, कारण भुकेच्या तडाख्यात त्याने पहिल्यांदा स्वतःचंच नाव खाल्लं. तिथे आमचं हसणं थांबलं. दुपारची वेळ, बाहेर चांगलं ऊन, तरी मी काकूच्या जवळ सरकले.

त्याचा आवाज माझ्याकडून गेला. म्हणजे असं, की आमच्या गावात 'आहे'ला 'शे' आणि 'माझा-तुझा'ला 'मन्हा-तुन्हा', याखेरीज दुसरं काही कानावर पडत नसे. शुद्ध पुस्तकी मराठी बोलणारा माणूस गावात आला की समजायचं, काहीतरी अरिष्ट आलं. तो जमीन मोजणारा असायचा, नाहीतर शाळेची तपासणी करणारा, नाहीतर देवी टोचणारा. कुणी 'आहे' म्हणालं की पोरं कणगीमागे पळायची. मी मास्तरांची मुलगी, वडील घरातही पुस्तकासारखंच बोलायचे, म्हणून मला ती भाषा येत होती. ताईने ठरवलं की जादूगार तसाच बोलणार. मी तिला शिकवायची आणि ती बोलायची. आठवडाभरात ती माझ्यापेक्षा सफाईने बोलू लागली. तिचा जादूगार फार सभ्य होता. कुणाचंही वाटोळं करायच्या आधी तो "क्षमा असावी" म्हणायचा. दारात येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "आम्ही आलो आहोत. आपले नाव आम्हांस द्यावे." आवाज चढवायचा नाही, हातवारे नाहीत. दोन पागोटी एकावर एक, हातात कापड नसलेली छत्री, एक जोडा पायात आणि एक कमरेला खोचलेला. एवढं सगळं हसण्यासारखं, पण ताई ते सोंग घेऊन उभी राहिली की कुणाची हसायची छाती होत नसे.

एकाच गोष्टीवर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. मी म्हणायची, त्याला कशाचीतरी भीती पाहिजे, नाहीतर त्याच्याशी खेळायचं कसं? शिपाई तलवारीला भितो, चोर शिपायाला भितो. काकूही माझ्या बाजूने होती. पण ताई ऐकेना. "त्याले कोनंच भ्याव नही," म्हणायची. त्याला कुणाचीच भीती नाही. मी रुसले, दोन दिवस खेळले नाही, मग आपणहून परत गेले.

पुढे पुढे तो खेळातच राहीना. कळशी घेऊन नदीवर जाताना आम्ही एकमेकींना नावाने हाक मारायचं सोडून दिलं. गल्लीतली लहान पोरं अंधार पडला की आपलं नाव कुणाला सांगेनात. मी तर रात्री झोपताना तळहात छातीखाली दाबून झोपायची, कुणी हात धरू नये म्हणून. आणि गंमत म्हणजे, यातलं काहीही खरं नाही हे मला ठाऊक होतं. त्याची घोडी मीच उलटी केली होती ना! ठाऊक असून काही उपयोग होत नसे, भीती वाटायची ती वाटायचीच.

श्रावण सरता सरता ताईला ताप आला. आधी कुणी मनावर घेतलं नाही, पावसाळ्यात पोरांना ताप यायचाच. काढे झाले, कपाळावर पट्ट्या झाल्या. ताप उतरेना. डॉक्टर शहाद्याला, म्हणजे नदीपलीकडे, आणि तापी दुथडी भरून चाललेली. होड्या काठावर पालथ्या पडलेल्या. नंदुरबारच्या रस्त्याला काळ्या मातीचा असा चिखल की गाडी कण्यापर्यंत रुतायची, बैलांना सुटता येत नसे. काका रोज नदीवर जाऊन पाणी बघून यायचे आणि ओट्यावर बसायचे. ताई वाळून चालली होती. तिचे ओठ काळे पडले होते.

एका दुपारी शेजारच्या बाया तिला बघायला आल्या होत्या. मी खाटेजवळ बसून पंख्याने वारा घालत होते. ताईने डोळे उघडले. ते माझ्यावर नव्हते, दारावर होते. आणि ती स्पष्ट, शांत आवाजात म्हणाली, "आम्ही आलो आहोत. आपण उभे का राहिला नाहीत?"

मला ते सोंग ओळखू आलं, आणि तरी माझ्या हातातला पंखा थांबला, कारण ताई खेळत नव्हती. काकू पुढे वाकून म्हणाली, "पानी देऊ का माय तुले?" त्यावर ताई म्हणाली, "आम्हांस पाणी नको. आम्हांस भूक लागली आहे. क्षमा असावी." एका म्हातारीने तोंडावर पदर धरला. "हाई आपली पोर नही बोली ऱ्हायनी," ती कुजबुजली. ही आपली पोर बोलत नाहीये. दुसरीत शाळा सुटलेली पोरगी, जिच्या तोंडून त्यांनी आयुष्यात 'शे' सोडून 'आहे' ऐकलं नव्हतं, ती साहेबासारखी बोलते म्हणजे आत दुसरं कुणीतरी आहे, हे त्यांना उघड दिसत होतं. तेवढ्यात ताईचा हात गोधडीखालून सरकला, तिने माझा हात धरला आणि ती माझी बोटं एकेक करून दाबू लागली. मी किंचाळले. हात सोडवून घेतला आणि पडवीत पळाले. हे मला इतक्या वर्षांनीही आठवतं तेव्हा मी हात पुसते.

संध्याकाळपर्यंत गावाने निदान करून टाकलं: मुंजा. नदीकाठच्या पिंपळावर ब्राह्मणाच्या पोराचा मुंजा राहतो, असं गाव पूर्वीपासून मानायचं. मुंजा नाहीतर एवढं शुद्ध कोण बोलणार? काकांनी शेजारच्या गावाहून भूत उतरवणाऱ्या भगताला बोलावणं पाठवलं. मी काकांना म्हणाले, "काका, तो आमच्या खेळातला जादूगार आहे. मीच शिकवलंय तिला बोलायला." काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "तू चूप बठ," एवढंच म्हणाले. त्यांचं तरी काय, त्यांची पोर हातची चालली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिखल तुडवत भगत आला. तो काही राक्षस नव्हता, आमच्यासारखाच शेतकरी, पायाला चिखल, डोळे थकलेले. सकाळपासून उपाशी होता, कारण अशा कामाला जेवून यायचं नसतं. ताईच्या डोक्यावरून त्याने इतक्या हलक्या हाताने हात फिरवला की मला वाटलं, हा काही वाईट करणार नाही. मग त्याने सुपात ज्वारीचे दाणे टाकले, ते पाहिले, कडुलिंबाचा पाला फिरवला आणि विचारलं, "कोन शे तू? कथाईन उना?" कुठून आलास?

कुणीतरी प्रश्न विचारला की जादूगाराने उत्तर द्यायचं, हा तर आमचा खेळच होता. तापाच्या भरात ताई खेळत राहिली. "आम्हांस नाव नाही," ती म्हणाली. "आम्ही ते खाल्लेले आहे."

घरात जमलेली माणसं दोन पावलं मागे सरकली. मला राहवलं नाही. मी ओरडले, "नाही हो, तो खोटा आहे! आम्ही रचलेला आहे तो!" घाबरले की मी वडिलांची भाषा बोलते, तशीच बोलले. भगताने सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "हिन्हामा बी शे का?" त्याने विचारलं. हिच्यातही आहे का? काका घाईघाईने मध्ये पडले, "नही नही, हाई मास्तरनी पोर शे, ती तशीच बोलस." त्यांनी मला दंडाला धरून कोपऱ्यात बसवलं. त्यानंतर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. खोटं कशाला बोलू, मला ताईपेक्षा माझ्या कातडीची भीती जास्त वाटत होती.

भगताने चुलीत विळा घालायला सांगितला. मुंजा गोडीने जात नाही, तापलेल्या लोखंडाने जातो, असा त्याचा अनुभव होता. डाग पोटावर द्यायचा, बेंबीच्या वर. हे ऐकून मी काकूकडे पाहिलं. ताईच्या आधी काकूला एक मुलगा झाला होता. त्याचं पोट फुगलं म्हणून त्याला असाच डाग दिला, तो चिघळला आणि पोरगं गेलं. घरात याबद्दल कुणी बोलत नसे, पण मला माहीत होतं, म्हणजे काकूला तर ते रोज माहीत असणार. ताईच्या पोटाला आता कातडी आणि हाडं एवढंच उरलं होतं. ती तो डाग सोसणार नाही हे मला दिसत होतं. काकूलाही दिसत होतं. पण काकूला कुणी विचारलं नाही. तिला पोरीचे पाय धरायला सांगितलं.

तिने धरले. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, मान खाली. बाहेर पाऊस कोसळत होता आणि चुलीजवळ विळ्याचं पातं लाल होत होतं. भगत विळा घेऊन उठला. काकांनी तोंड भिंतीकडे केलं. मी डोळे मिटायला हवे होते, पण मिटेचनात.

काकूने ताईचे पाय सोडले आणि ती उभी राहिली. पदर डोक्यावरून खाली आला, तो तिने सावरला नाही. एवढ्या पुरुषमाणसांपुढे मी तिचे केस पहिल्यांदाच पाहिले. ती म्हणाली, "थांबावे."

कुणालाच कळेना काय झालं. भगत थबकला. काकू त्याच संथ, थंड आवाजात बोलू लागली, जो आवाज तिने अख्खा हिवाळा कापसाच्या ढिगाआडून ऐकला होता. "आम्ही हिला सोडेल आहोत. आम्ही आता हिच्या मायमा आलो आहोत. क्षमा असावी."

'सोडेल आहोत'! 'आईत' नाही, 'मायमा'! अर्धं आमच्या बोलीतलं, अर्धं माझ्या पुस्तकातलं. त्या घरात खरी शुद्ध मराठी कुणाला येत असेल तर ती मला एकटीला, आणि मला प्रत्येक चूक ऐकू येत होती. आता भगत म्हणणार, ही नाटक करते आहे, हिला बाजूला करा. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. पण त्याच्या कानाला 'आहोत' ऐकू आलं होतं, तेवढं त्याला पुरे होतं.

तो पुटपुटला, "कोन शे तू?" काकूने काकांच्या खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला, भगताच्या मोकळ्या हातावर टाकला आणि त्याखाली त्याचा हात धरला. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून ती त्याची बोटं दाबू लागली. तिच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं. असा जादूगार ताईनेही कधी केला नव्हता. भगत एक पाऊल मागे सरला. मीसुद्धा, सगळं ठाऊक असूनही, भिंतीला चिकटले. काका रडवेल्या आवाजात म्हणाले, "अरे, हाई काय व्हयनं?"

"आम्हांस डाग द्यावा," काकू म्हणाली. "मग आम्ही जाऊ."

आणि तिने आपला डावा हात पुढे केला.

विळा टेकला तेव्हा जो वास आला, तो मी सांगणार नाही. काकू ओरडली, "माय व! मरी गई व माय!" आणि खाली बसली. भगताने कपाळावरचा घाम पुसला. "गया," तो म्हणाला. गेला. बाई आपल्या बोलीत ओरडली म्हणजे मुंजा निघून गेला, हे सगळ्यांना पटलं. ताईकडे मग कुणी फिरकलंच नाही. ती गाढ झोपली होती.

पूर ओसरला तशी पहिली होडी काकांनी सोडायला लावली आणि शहाद्याहून डॉक्टरला घेऊन आले. टायफॉइड निघाला. ताईचे सगळे केस गळले, पण ती वाचली. तिला काहीच आठवत नव्हतं. बरी झाल्यावर तिने मला 'मुलूख' खेळायला बोलावलं, तेव्हा मी अभ्यासाचं निमित्त काढलं. ताई पुढे दोन लेकींची आई झाली आणि दोघींना तिने मॅट्रिकपर्यंत शिकवलं, घरच्यांशी उभं भांडून.

काकूचं मात्र अवघड झालं. मुंजाने धरलेली बाई म्हणून तिला कुणी बाळाच्या पाचवीला बोलवेना, नवरीला हळद लावायला पुढे होऊ देईना. गावातल्या बाया पाणवठ्यावर तिच्याशी बोलायच्या, पण हळूच सरकून बसायच्या. तिने एक शब्द सांगितला असता तर सगळं मिटलं असतं. पण तो शब्द सांगितला असता तर भगत पुन्हा ताईच्या खाटेशी येऊन उभा राहिला असता. म्हणून ती जन्मभर गप्प राहिली. त्या बायांना शिव्या घालाव्यात असं मला अजून वाटतं. घालतेही मनातल्या मनात.

मला आठवते ती मात्र त्या प्रसंगानंतरची एक सकाळ. घरात दुसरं कुणी नव्हतं. ताई आत झोपलेली. मी काकूच्या हाताला चुन्याची निवळी आणि खोबरेल लावत होते. जखम बघवत नव्हती, म्हणून मी तिच्या बोटांकडे बघत होते. मग शाळेतल्या पोरीसारखी माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "मी बराबर बोलनू ना व? कोठे चुकनू त नही?"

"नाही काकू," मी म्हणाले. "एकही चूक नाही."

"मंग माले बी बसाड तुन्हा बापनी शाळामा," ती म्हणाली आणि हसली. हसताना हात हलला, तशी कळवळून तिने ओठ चावला. थोड्या वेळाने म्हणाली, "आते त्या जादूगारले सांग, पुन्हा येऊ नको. मन्हा हाऊ दुसरा हात भाकरी थापाले लागस."

मी सांगते म्हटलं आणि फडकं बांधलं.